टेबल तुझ्याकडे, शिकंजा माझ्याकडे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण उजव्या पायाच्या अंगठ्याला प्लास्टर आहे, तेव्हा घातला असं समज.) तुझी तब्येत उत्तम असेलच, तुला काय धाड भरली आहे? वहिनीचा गुडघा कसा आहे ते मात्र खरंच कळव. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

अंगठ्याच्या दुखण्याचं मूळ तुझ्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अप्पा गेल्यावर सुतारकामाच्या कारखान्याच्या वाटणीत मामांनी नियम घातला होता, धाकट्याने वाटे पाडायचे आणि थोरल्याने आधी उचलायचं. सगळं सुरळीत चाललं होतं, अडलं ते अप्पांच्या कामाच्या टेबलापाशी. मी स्वतःला दीडशहाणा समजून एका बाजूला नुसतं टेबल ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला त्याचा लोखंडी शिकंजा, सगळे क्लॅम्प, रंधे, पटाश्या असा ढीग रचला. तुझी हाव मला लहानपणापासून ठाऊक. तू ढिगावर झडप घालणार आणि टेबल आपसूक माझ्या पदरात पडणार, असा माझा डाव. तू सरळ टेबलावर हात ठेवलास. त्या दिवसापासून लाकूड आवळून धरायचं सगळं सामान माझ्याकडे आहे, फक्त ते बसवायला जागा नाही. आणि त्या टेबलावर वहिनी इस्त्री करते असं ऐकतो! अप्पांनी चाळीस वर्षं रंधा मारला त्या फळीवर तुझे पायजमे! मला हे ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही. (तिसऱ्या दिवशी गेलं.)

वर्षभर जमिनीवर बसून रंधा मारला. आता ग्रंथालयाच्या फडताळांचं काम आलं आहे, नऊ-नऊ फुटी फळ्या, जमिनीवर आवरत नाहीत आणि काम रखडलं आहे. ग्रंथपालबाई दर सोमवारी येऊन नुसत्या उभ्या राहतात. त्यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडल्या. हे काम हातचं गेलं तर पुढचं कोणी देणार नाही, म्हणून शेवटी टेबल विकत घ्यायला गेलो. दुकानातला विक्रेता टाय लावून होता आणि त्याच्या नखात भुशाचा कण नव्हता. त्याने विचारलं, "काका, अ‍ॅक्सेसरीजसकट देऊ की अ‍ॅक्सेसरीजशिवाय?" सकटमध्ये काय काय, तर एक खेळण्यातला शिकंजा, दोन खण, मोबाइल ठेवायची खाच आणि चहाच्या कपासाठी गोल भोक. सुतार कामाला बसला की चहा गार होतो, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. मी छाती पुढे काढून म्हणालो, अ‍ॅक्सेसरीज माझ्या घरी गंजत पडल्या आहेत, नुसतं टेबल द्या. 'नुसतं टेबल द्या' हे आयुष्यात मला दुसऱ्यांदा नडलं, कारण वाटे पाडतानाही माझ्या मनात तेच होतं.

टेबल घरी आलं. वरून लाकूड दिसतं, आत दाबलेला भुसा. (म्हणजे आपण झाडून टाकतो तेच मी विकत आणलं.) अप्पांचा शिकंजा त्याच्या कडेला बसवला, शेवटचा बोल्ट आवळला, आणि चारी पाय वर करून ते सबंध प्रकरण माझ्या अंगठ्यावर आलं. डॉक्टरांनी विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, वडिलोपार्जित मालमत्ता. बायको हसली. गेल्या वर्षभरात ती पहिल्यांदा हसली, ते या प्रसंगी.

तर दादा, तू सुखात राहा. तुझ्या पायजम्यांच्या घड्या कडक राहोत. मला तुझ्याकडून काडीचीही अपेक्षा नाही.

तुझा (नाइलाजाने)
धाकटा

ता. क. टेबल मागत नाही. गैरसमज नको. खालच्या बाजूला शिकंज्याच्या बोल्टची चार भोकं आहेत, त्यांची मापं फक्त कळव.

ता. क. २. बायकोने वरचं वाचलं. ती म्हणते, मापांचं काय लोणचं घालणार आहात, सरळ टेबल मागा. बरं, मागतो.

ता. क. ३. खरं सांगू का, टेबल मिळूनही भागायचं नाही. नऊ फुटी फळीला रंधा मारताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि रंधा अडला की "उलटा मारतोयस, गाढवा" म्हणणारा लागतो. दुकानात विचारलं. तसलं काही ते ठेवत नाहीत. प्लास्टर पंधरा तारखेला निघेल. सोळाला जमलं तर ये, पण टेबल घेऊन. रिकाम्या हाताने आलास तर मी दार उघडणार नाही. (कडी मोडली आहे, नुसतं ढकल.)