काचेचा सूर फोनमधून जात नाही

प्रिय अनया,

तुझा राग पोचला. "तिकडे कॉन्सर्ट करायला वेळ आहे, बाबांकडे यायला नाही," असं तू फोनवर म्हणालीस आणि मी विषय बदलला, कारण शेजारी ईशान होता. आज तो शाळेत आहे, विनय ऑफिसात, आणि आमच्या या गावात, ईडन प्रेरीत, नुसता बर्फ. तेव्हा लिहितेच.

विनयच्या व्हिसावर मी इथे फक्त 'बायको' आहे. नोकरी करता येत नाही. पासपोर्टवरचा माझा व्हिसाचा शिक्का कधीच संपलाय. नागपूरला आले, तर नवा मिळेपर्यंत परत शिरता येणार नाही, आणि त्यासाठीच्या मुलाखतीची तारीख वर्ष वर्ष मिळत नाही. घरात कोंडून वेड लागायची पाळी आली होती, तेव्हा शेजारच्या इन्ग्रिडआजींनी मला त्यांची ग्लास आर्मोनिका दाखवली. आडव्या दांडीवर एकात एक बसवलेले काचेचे वाडगे पायाने फिरवायचे आणि ओली बोटं काठावर टेकवायची. बाबांनी शिकवलेल्या जलतरंगासारखं ठोकायचं नाही, नुसतं टेकायचं. सांधेदुखीने त्यांची बोटं वळेनात, म्हणून त्यांच्या छोट्या वाद्यमेळात त्यांच्या जागी मी बसू लागले. बासरी, ओबो, व्हिओला, चेलो आणि मी. तेवढा वेळ मी कुणाची तरी बायको नसते गं.

रविवारी बाबा हट्टाला पेटले, "मालू, ऐकव." व्हिडिओवर मी कॉन्सर्टमधला सगळा संथ भाग वाजवला. ते डोळे मिटून मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "खालचे सूर काय सुरेख लागलेत!" इतक्यात ईशान हळूच म्हणाला, "आई, दे कान्ट हिअर इट." फोन त्या सुराला गोंगाट समजून गाळून टाकतो. बाबांना काहीच ऐकू आलं नव्हतं, नुसतं माझं मन राखायला ते दाद देत होते. तू तिथेच होतीस, तूही बोलली नाहीस.

काल आजींना सांगितलं, कॉन्सर्टला दुसरं कुणी बघा. त्या माझे हात धरून बसल्या. गुरुवारी तिकडे यायला निघतेय. ईशानला 'थोडे दिवस' म्हटलंय. विनयला खरं ठाऊक आहे. तो जेवण अर्धवट टाकून उठतो. फोनवर बाबा तुझ्या शेजारीच असतात, म्हणून हे मेलवर लिहितेय. मला लवकर परतता येणार नाही हे त्यांना कळलं, तर मला विमानात पाय ठेवू देणार नाहीत. विचारलंच तर सांग, मालूने परतीचं तिकीट काढलंय.

तुझीच,
मालूताई