जाड बुडाचा टोप

८ मे
करपला! आंब्याचा रस आटवता आटवता करपला. आणि तोही माझ्या हातून! बावीस वर्षं जहाजावर हेड कुक होतो, वादळात पन्नास माणसांचं जेवण काढलं, एक टोप काळा केला नाही — हे या घरात मी रोज ऐकवत आलो. पिएदाद वेंगुर्ल्याला लेकीकडे गेलीय. जाताना म्हणाली, "रसाक हात लाव नको, मी इल्यावर आटवतंय." बायको मला शिकवणार? बसलो ढवळायला. तेवढ्यात जहाजावरचा जुना दोस्त सॅविओ, त्याचा फोन. पाच मिनिटं बोललो असेन. बरं, पंचवीस.

तिचा लाडका, जाड बुडाचा टोप. रसाचं डांबर झालंय. तिला कळलं तर मेलोच मी.

९ मे
राख. चिंच. लिंबू. नारळाची सोडणं. किनाऱ्यावरून वाळूसुद्धा आणली. बोटांची सालं गेली, काळं जागचं हललं नाही. जहाजावर टोप घासायला वेगळा माणूस असायचा. त्याचं नावही आठवत नाही. आज मात्र त्याची आठवण फार येतेय!

१० मे
शेजारच्या फ्लाव्हियाला सहज विचारलं, एखाद्याचा टोप करपलाच तर? म्हणाली, "सोडो घालून पाणी उकळत ठेवा. कोणाचो करपलो, अंकल?"
म्हटलं, चर्चमधल्या एकाचा.

११ मे
सोडा घालून पाणी उकळत ठेवलं आणि डोळा लागला. पाणी आटलं. टोप पुन्हा करपला.

१२ मे
उद्या पिएदाद येणार. पहाटेच टोप मागच्या विहिरीत सोडला. तिचं पाणी माडांनाच जातं, पिण्याचं नळाचं. म्हणजे पाप नाही.

१३ मे
आली. टोप कुठे, विचारलं. "माका काय म्हायत?" म्हटलं. भांडेल वाटलं होतं. "जांवदे," म्हणाली! देव पावला.

१६ मे
घात! सर्वेश दारात, पंप घेऊन. पावसाआधी विहिरीचा गाळ काढायला मीच त्याला महिन्यापूर्वी सांगितलं होतं, साफ विसरलो! म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. मागून पिएदाद धावत आली — "नको रे सर्वेश, पाणी बरा आसा!" दर वर्षी ती गाळाला नकोच म्हणते, काम राहून जातं, मी तिला हट्टी म्हणतो. आज पहिल्यांदा आमचं एकमत झालं आणि तो ऐकेना. देवगडहून पंप आणलाय, परत नेणार नाही म्हणतो. उद्या सकाळी उतरणार.

१७ मे
पाच निघाले. वर माझा. खाली गाळात आणखी चार, चारही बुडाला काळेठिक्कर.
सर्वेश आतून ओरडला, "अंकल, बावीत भांड्यांचा दुकान घातलास काय?" मी हसत पिएदादकडे बघितलं. ती हसत नव्हती.
"तू बाजूक उभो रवलस काय माझे हात थरथरतत," म्हणाली. "मगे करपता."