शेंगदाण्याचा नवस

हैदराबाद, १९४४

तीर्थरूप अव्वास, कल्याणप्पाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

बोर्डिंगात पहिल्याच दिवशी भर पंगतीत म्या उठून सांगितलं, "मला शेंगदाणा चालत न्हाय." आवाज जरा बी कापला न्हाय! आचारी महांतप्पा म्हणले, "सोनारी गावचा न्हवं तू? काळभैरवाच्या नवसाला शेंगदाणा सोडलायस व्हय?"

"नवस न्हाय, मामा. खाल्ला की गळा सुजतो, श्वास कोंडतो."

तवापासून ते कूट घालायच्या आधीच माझी भाजी काढून ठेवतात. एकदाच चुकून ओठ सुजले, पण आता बरा हाय. अप्पांना सांगू नकोस. त्यांचा खोकला कसा हाय?

अव्वा, शेंगा सोडल्या त्या तू, ह्या लेकापायी, पंधरा वर्सं. आता माझं मी सांभाळतो, तुझा नवस फिटला समज. पोटभर भाजून खा.

तुझा,
कल्याणप्पा