ह्यांच्या डोक्याला चुंबक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

झालं! ह्यांच्या डोक्याला आता चुंबक लावणार. आमच्या इंद्रजीतने मोबाईलवर वाचलं आणि निघाली आमची वरात, केंदूरहून थेट पुण्याला. वाघोलीच्या गर्दीतच तास गेला. लेकाची सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी सणसवाडीहून गाडी घेऊन येतो. एरवी फोन उचलायला सवड नसते साहेबांना.

डॉक्टर अगदीच पोरगेला. "आजी, अल्झायमर बरा होत नाही. हा प्रयोग आहे. काहींची आठवण थोडी सुधारते." म्हणजे झालं तर झालं! सह्या मात्र चार ठिकाणी.

आधी परीक्षा घेतली. तीस वर्षं अंगणवाडीत मीही असलेच प्रश्न विचारले. वार कोणता? — "बाजाराचा." मुलं किती? — "चार." एकच आहे, तोही शेजारी बसलेला. भाऊ किती? — "येक. पोपट." तेवढं एक बरोबर.

मंगळवार, ४

खुर्ची, डोक्याला चुंबकाची कॉइल, वीस मिनिटं नुसती टकटक. आमची विहिरीवरची मोटारही कॉइलवरच चालते आणि वर्षातून दोनदा जळते. डॉक्टरांना सांगितलं तर हसले. हसायला काय जातं!

शुक्रवार, ७

घरी आलो की हे तडक समोर, पोपटभाऊजींच्या ओट्यावर. चहा रोज तिथंच.

हे सख्खे भाऊ बांधापायी एकोणीस वर्षं बोलत नव्हते. ह्यांची कुऱ्हाड भाऊजींच्या खांद्यावर बसली होती — अकरा टाके! सासूबाई गेल्या तेव्हा दहाव्याला दोन वेगळ्या पंगती. मला माझ्या जावेशी, सारजाशी, बोलायची चोरी. मग ह्यांचं डोकं गेलं आणि त्याबरोबर बांधही गेला. श्रावणात एका सकाळी हे समोर जाऊन बसले. "पोप्या, च्या टाक की." भाऊजी खांबाला धरून रडले. गावच्या पंचांनी एकोणीस वर्षं नुसत्या मिश्या पिळल्या. जमवलं ते रोगाने.

गुरुवार, १३

गुण? डोंबलाचा! इंद्रजीत म्हणतो, "आई, जरा धीर धर की." म्हणे धीर धर!

सोमवार, १७

कपडे वाळत घालत होते. मागून आवाज — "अनसे, कंबर कशी हाय तुझी?"

दीड वर्ष मला 'मावशी' म्हणत होते! बादली तिथंच सोडून खाली बसले आणि खूप रडले. इंद्रजीतला मुद्दाम कळवलं नाही. लगेच "बघ, मी सांगत होतो" म्हणून मिरवेल. मेली ती कॉइल, माझ्याकडून नारळ फोडून घेणार बहुतेक.

बुधवार, १९

चहाला गेले नाहीत. भाऊजींनी समोरून हाक मारली, "दादा, च्या निवतोय!"

हे ओसरीवरून उठले नाहीत. "त्यो कोन मला बोलावनारा? दोन पावलं बांध कोरलाय त्यानं माझा." मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे — "कुऱ्हाड कुठं ठिवलीस?"

सारजा कपबशी घेऊन समोर आपल्या दारात उभी होती. तशीच आत गेली. मी कुऱ्हाड ज्वारीच्या कोठीत पुरली.

गुरुवार, २०

पुन्हा परीक्षा. वार चुकला. मुलं पुन्हा चार. भाऊ किती? — "येकबी न्हाई!"

"मागच्या वेळी निदान हे तरी आलं होतं," म्हणत डॉक्टरांनी फुली मारली. एवढं शिकून काय उपयोग! आमच्याकडे 'एकही नाही' म्हणजे सगळं आठवलं.

"घरी काही फरक वाटतो का? तुम्ही हो म्हणालात तर आणखी वीस दिवस चालू ठेवू." म्हटलं, उद्या सांगते.

मला माझा माणूस हवाय. पण तो एकटा परत येत नाहीये.

शुक्रवार, २१

डॉक्टरांना सांगितलं, काडीचा फरक नाही. बंद करा.

संध्याकाळी हे म्हणाले, "अनसे, जेवलीस का तू?"

म्हटलं, जेवले. आजचं दुसरं खोटं.