आता हेच हिला विचारा

रविवार, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे, बाबा बरे आहेत.

पत्रात आधी बातमी, मग काळजी, ही आईची शिस्त. म्हणून आधी बातमी: तू सांगितलंस तसं बाबांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं.

बाबांना नैराश्य तर नाही ना, ही तुझी शंका अगदीच फोल नव्हती. आई गेल्यापासून शर्ट शिवून झाला की बाबा काजांपाशी अडतात. काज-बटण आईचं काम ना! मशीन थांबवून, गिऱ्हाईक समोर असलं तरी, ढसाढसा रडतात. मग चष्मा पुसून त्याच गिऱ्हाइकाला म्हणतात, "साहेब, माप जुनंच सांगताय, पोट मात्र नवीन दिसतंय!" असं रडणं आणि असं हसवणं, दोन्ही मला थोरच वाटतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवणाला चव लागते?"

"लागते म्हणजे! परवा हिनं भाजीत मीठच घातलं नव्हतं. पहिल्याच घासाला ओरडलो."

"कधी हसू येतं?"

"बायकोनं एकदा नवरदेवाच्या कोटाची बटणं उलट्या बाजूला लावली होती. ते आठवलं की येतं. मग रडूही येतं."

"सकाळी उठावंसं वाटतं?"

"कपडे शिवून द्यायचेत. लोक काय उघडे फिरतील?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "काका, हे दुःख आहे. खुशाल रडा. नैराश्यात बहुतेकदा चव, हसू, उद्याचा दिवस, सगळंच पुसट होत जातं. तुमचं तसं दिसत नाही."

मी पर्स उचलली. बाबा उठेनात.

"आता हेच हिला विचारा," ते म्हणाले. "ती बिनमिठाची भाजी हिनं निमूट संपवली होती." आणि मला मोकळं बोलता यावं म्हणून बाहेर जाऊन बसले.

ताई, मला वाटत होतं मी त्यांच्यावर लक्ष ठेवतेय.

मला अजून रडू आलेलं नाही. सगळे मला खंबीर म्हणतात, मी मान डोलावते. आत काहीच हलत नाही गं. बाईंना हे सगळं सांगितलं. उपचार सुरू झालेत, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "चिमणे, तू बरी होईपर्यंत मीठ मी घालणार."

तुझी नवी नोकरी आहे, तू धावत येऊ नकोस. हे वाक्य खोडत नाही, आईला खाडाखोड खपत नसे. त्याच्यापुढे फक्त एक शब्द लिहिते.

ये.

तुझी, अजून न रडलेली,
धाकटी