डोळे कुणी काढले

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून चिडलेलीच आहे. गेल्या महिन्यात सिनेमाच्या जुन्या बॅनरांचं प्रदर्शन भरवणारे एक गृहस्थ घरी आले. तुमचा बॅनर एकही उरलेला नाही, दर सिनेमाला तुम्ही तेच कापड पांढरं करून पुन्हा रंगवायचात. उरलेत ते आईनं जपलेले बॅनरांचे बावीस फोटो. त्यावरून तुमच्या हातची वाटतील अशी नवी चित्रं त्यांना हवी होती. माझं कामच ते. चित्रं काढणाऱ्या एआयला फोटो दाखवून एक नवा शब्द शिकवायचा, त्याला एम्बेडिंग म्हणतात. मग तो शब्द लिहिला की त्या हाताचं चित्र येतं. शब्द म्हणून मी तुमचं नाव दिलं.

सगळे फोटो एकदम घातले तर चेहरे गढूळ आले. मग वर्षांप्रमाणे दोन भाग केले. मी सोळा वर्षांची होण्याआधीच्या फोटोंतून आलेल्या नायिका कुठंच बघत नव्हत्या, गोट्या बसवल्यासारखे डोळे. नंतरच्या फोटोंतून आली ती थेट माझ्याकडे बघत होती. मी खुर्चीतून उठलेच. ते डोळे माझे होते, आबा, सोळाव्या वर्षापासून तुमच्या बॅनरांवर मी काढलेले. अजून दिसतं, तुमच्या रंगकामाच्या शेडमध्ये मी शिडीवर उभी आहे, निर्माता खालून विचारतोय, "डोळं कुणी काढलं वो?" आणि तुम्ही माझ्या हातातला ब्रश काढून घेत म्हणताय, "मीच की. दुसरं कोन हाय हितं?" घरी आई भाकरी थापता थापता माझ्या बाजूनं बोलली, तर तिच्यावरच ओरडलात, "पोरगी रंगवतीया म्हटल्यावर काम कोन दील?" त्या रात्री मी जेवले नाही. तुम्ही दोनदा आमटी वाढून घेतलीत.

चित्र बघून गृहस्थ खूश झाले. "व्हय, ह्योच की तुमच्या वडलांचा हात!"

"डोळे माझे आहेत," मी म्हणाले.

ते हसले. "म्हंजे वारसाच की, ताई."

मी लॅपटॉप मिटला. प्रदर्शनात चित्रांखालच्या पाटीवर माझं नाव नसेल तर चित्रं मिळणार नाहीत, असं सांगून त्यांना दारापर्यंत पोचवलं. चार दिवस फोनवर भांडले, तुमच्याशी कधी भांडले नाही तेवढी. शेवटी नाव लागलं, तुमच्या खाली, बारीक अक्षरात.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. भांडणाच्या भरात मी त्यांना केसही माझेच म्हणून सांगितलं. केस तुमचे होते. मला ते आजही जमत नाहीत.