पंपाचा दांडा ज्याच्या हाती

मी, या बंदरातला पाणबुड्या, वय एक्कावन्न, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणाचे दडपण नाही, नशापाणी केलेले नाही, डोके ठिकाणावर आहे. अक्षर वेडेवाकडे आले आहे. त्यावरून कोणी मला भ्रमिष्ट ठरवू नये. मी घाबरलो आहे, एवढेच.

बंदराच्या तोंडाशी एक मालजहाज बुडाले आहे आणि त्यापायी बाहेर अकरा जहाजे खोळंबली आहेत. गोऱ्या बंदरसाहेबाचा हुकूम आहे की उद्या सकाळी जहाज हलके व्हावे म्हणून मी खाली उतरून जहाजाच्या पोटातल्या कथलाच्या लाद्यांना साखळ्या अडकवाव्यात. नेहमीचा पंपवाला हात मोडून घरी पडला आहे. तेव्हा वरून पंपाचा दांडा मारून नळीने मला हवा देणार तो माझा धाकटा मेहुणा. कामापुरतेच बोलतो, म्हणून धक्क्यावर त्याला घुम्या म्हणतात.

कलम १. दोन खोल्यांचे घर व पोस्टातली शिल्लक पत्नीची, तिच्या पश्चात मुलीची. "तुला एकटीला एवढी जागा कशाला?" असे पत्नीला कोणीही विचारू नये.

कलम २. सुरी, शिशाच्या तळाचे बूट व लोकरीचे दोन सदरे नव्या पाणबुड्याला. डावा बूट चावतो. आत चिंधी घालावी.

कलम ३. चुलतभावास काही नाही. माझी शिडी त्याने नेली ती नेलीच. तिच्यावरून तो पडू नये, एवढा आशीर्वाद मात्र देतो.

कलम ४. नऊ वर्षांपूर्वी पत्नीचा थोरला भाऊ पाण्याखाली होता आणि पंपावर मी होतो. माल उचलणाऱ्या वरच्या यारीची साखळी तुटली, कापसाची गाठ माझ्या शेजारी आदळली. मी दांडा सोडून पळालो. परत आलो तोवर तो गेला होता. मग नळीला सुरीने चीर मी दिली आणि नळी फाटली असे सर्वांना सांगितले. पत्नी आजवर त्या नळीला शिव्या घालते.

साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून घुम्याच्या नावे काही लिहिलेले नाही. मजकूर मात्र त्याला आज दुपारी पुरा वाचून दाखवला. त्याने टाक उचलला आणि विचारले,

"ताईला ठाऊक आहे?"

"नाही."

"बरं."

"उद्या पंपावर दुसरं कुणी बघू का रे?"

"पंप मीच मारणार, दाजी," तो म्हणाला आणि त्याने सही केली. त्याचा चेहरा मी निरखून पाहिला. काही कळले नाही.

सही: पाणबुड्या
साक्षीदार: १. घुम्या, मेहुणा २. दोरखंडाच्या वखारीचा राखणदार
ठिकाण: सदर वखारीचा माळा
तारीख: नववी, सोमवार

पुरवणी, दहावी तारीख, मंगळवार.

मी वर आलो. साखळ्या लागल्या, लाद्या निघाल्या.

दुसरी साखळी अडकवताना डोक्यावरच्या तांब्याच्या टोपातली हवा थांबली. नळीतली फुसफुस बंद झाली आणि कानांत माझेच रक्त वाजू लागले. वर इशारा द्यायची खुणेची दोरी मी ओढली नाही. ओढून उपयोग काय, तिचे टोकही त्याच्याच हाती होते. मग फुसफुस पुन्हा सुरू झाली आणि शेवटपर्यंत थांबली नाही.

वर आल्यावर त्यानेच माझा टोप काढला. त्याचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते. बदली गड्याला त्याने दांड्याला हात लावू दिला नव्हता.

"मध्ये थांबलास," मी म्हणालो.

"थांबलो. मुद्दाम." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "पुढे जमलं नाही. दादा असता तर त्यानं मला झोडपलं असतं. आता ताईला तुम्ही सांगा. आजच. नाहीतर मी सांगेन."

म्हणून कलम ४ मी कायम ठेवतो. पत्नीने ते माझ्या मरणानंतरच वाचावे, असा मनात हेतू होता. तो रद्द करतो. पत्नी शेजारच्या खोलीत मुलीचे केस विंचरते आहे. तिची वेणी घालून झाली की मी हा कागद घेऊन आत जाईन. खाली अंधारात हवा थांबली तेव्हासुद्धा मी एवढा घाबरलो नव्हतो.

सही: पाणबुड्या
ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
साक्षीदार: १. वखारीचा राखणदार २. घुम्या (दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली असल्याने सहीऐवजी अंगठा)